मॉलमधल्या दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? पुढच्या वर्षी होम लोन घ्यायचं असेल तर हे आधी वाचा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला तुम्ही ज्या मोठ्या दुकानात महिन्याचं सामान भरता तिथे बिलिंगच्या बाजूला टेबल टाकून बसलेली मुलगी दर वेळी त्या दुकानाच्या नावाचं क्रेडिट कार्ड घ्या म्हणून मागे लागते. ५०० रुपयांचं व्हाउचर लगेच, आणि दुकानात प्रत्येक शंभरावर "पाच मिळतात", वर्षाला ४९९ फी, वर्षात लाखभर खर्च झाला तर तीही माफ. मिस्टरांचा पगार ३८ हजार, तुमचा २४, आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास फ्लॅट घेऊन ३० लाखांचं कर्ज काढायचंय. अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की मिस्टरांनी दोन वर्षांपूर्वी एका कपड्यांच्या दुकानात असंच कार्ड घेतलं होतं, पहिल्या बिलावर सूट घेतली आणि तेव्हापासून ते कपाटात पडलंय. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या प्रश्नात ते शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे खाली येतेच.

मी एका खासगी बँकेच्या कार्ड विभागात सोळा वर्षं होते, आधी अर्ज तपासायला आणि नंतर थकबाकीच्या बाजूला, आणि आता गेली काही वर्षं ठाण्यात लोकांच्या होम लोनच्या फाइली करून देते. त्यामुळे हे कार्ड देताना काय होतं तेही बघितलंय आणि चार-पाच वर्षांनी त्याच कार्डामुळे फाइल कुठे अडकते तेही बघतेय.

पहिली गोष्ट, ते कार्ड दुकानाचं नसतंच. नाव दुकानाचं, रंग दुकानाचा, पण कार्ड बँकेचं. आपल्याकडे याला को-ब्रँडेड कार्ड म्हणतात, रिझर्व्ह बँकेने २०२२ मधे जे नियम काढले त्यात स्पष्ट आहे की दुकानाचं काम फक्त कार्डाची जाहिरात-वाटप करणं आणि आपल्या मालावर सवलत देणं एवढंच, कार्ड को-ब्रँडिंगचं आहे हे कार्डावर लिहिलेलं पाहिजे, आणि तुम्ही कुठे काय खरेदी करता ती माहिती दुकानाला बघायला मिळता कामा नये. म्हणजे उद्या पैसे थकले तर फोन बँकेचा येणार, CIBIL ला, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, नोंद बँक पाठवणार, आणि टेबलावरची ती मुलगी तोपर्यंत दुसऱ्या मॉलमधे गेलेली असणार. तिचा काही दोष नाही, तिला महिन्याला अमुक फॉर्म आणायचेच असतात. पण तुम्ही सही करताय ती एका बँकेबरोबर, हे डोक्यात पक्कं ठेवा. कुणाचे नातेवाईक अमेरिकेत असतील तर ते सांगतील की तिथली स्टोअर कार्डं पुष्कळदा फक्त त्याच दुकानात चालतात आणि काहींवर "इतक्या महिन्यांत सगळं फेडा, नाहीतर खरेदीच्या तारखेपासून व्याज" अशी अट असते. आपल्याकडची ही कार्डं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेवर असतात आणि सगळीकडे चालतात, त्यामुळे त्यांचा सल्ला इथे जशाचा तसा लावू नका.

आता ते "पाच मिळतात" बघू. पाच काय मिळतात? पाच टक्के की पाच पॉइंट? हा प्रश्न टेबलाशी उभं राहून विचारलाच पाहिजे, कारण पॉइंट हे चलन कार्ड देणाऱ्याने ठरवलेलं असतं. शंभराला पाच पॉइंट आणि एक पॉइंट म्हणजे २५ पैसे, असा हिशोब बऱ्याच कार्डांवर असतो, म्हणजे हातात पडतो सव्वा रुपया, सव्वा टक्का. उलट काही कार्डांवर एक पॉइंट म्हणजे खरोखर एक रुपया असतो, टाटा न्यूच्या कार्डावरचं न्यूकॉइन तसं आहे. ऐकायला दोन्ही "पाच" सारखेच लागतात. मुलीने सांगितलेल्या वार्षिक फीवरून मला तुमचं कार्ड पहिल्या प्रकारचं वाटतंय, पण अंदाजावर जाऊ नका, अर्जाबरोबर एक पानाचा माहितीचा कागद देणं बँकेला बंधनकारक आहे ज्यात व्याज, फी, दंड सगळं लिहिलेलं असतं, तो मागा. आणि पॉइंटची किंमत, ते किती दिवसांनी बाद होतात, आणि वापरायला कमीत कमी किती जमावे लागतात हे अटींच्या पानावर बघा.

पुढे तुमच्या घरचा हिशोब. तुम्ही लिहिलंय महिन्याला आठ हजाराचं सामान. पण ताई, नाशिककडची घरं मला माहीत आहेत, वर्षाचे गहू-तांदूळ तुम्ही उन्हाळ्यात भरून ठेवत असाल, तिखट-मसाला घरी किंवा डंकावर कांडून आणत असाल, भाजी बाजारातली, दूध दारात येतं. ते आठ हजार सगळे त्या मॉलमधे जात नाहीत. गेल्या तीन महिन्यांची त्या दुकानाची बिलं काढा, मोबाइलवर मेसेज असतील, आणि त्याची सरासरी घ्या. मी धरून चालते की पाच हजार निघाले. वर्षाचे साठ हजार. सव्वा टक्क्याने साडेसातशे रुपये. फी ४९९ आणि त्यावर १८ टक्के GST, म्हणजे ५८९. पहिल्या वर्षी व्हाउचर धरून साडेसहाशे-पावणेसातशे रुपये उरतील, दुसऱ्या वर्षापासून व्हाउचर नाही, मग उरले एकशे एकसष्ट. अख्ख्या वर्षाचे.

तुम्ही म्हणाल लाख खर्च केला तर फी माफ आहे ना. आहे. मग वरचे चाळीस हजार तुम्ही बाहेर कुठेतरी त्याच कार्डावर घालणार, वीजबिल, औषधं, मुलांच्या वह्या, आणि बाहेरच्या खर्चावर अशा कार्डाला शंभराला एक पॉइंट म्हणजे पाव टक्का मिळतो, शंभर रुपये. एकूण साडेआठशे. आता याच्या शेजारी एक साधं, कुठल्याच दुकानाचं नाव नसलेलं, बिनफीचं आणि सगळीकडे एक टक्का परत देणारं कार्ड ठेवून बघा. साठ हजारांवर सहाशे, लाखावर हजार. म्हणजे पहिल्या वर्षीचं व्हाउचर सोडलं तर दोन्ही बाजूंनी साधं कार्डच पुढे जातं, आणि त्यातले पैसे बिलात वजा होतात, त्याच दुकानात जाऊन खर्च करावे लागत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा लोक धरतच नाहीत. दुकानाचे पॉइंट दुकानातच वापरायचे असतात. थकबाकीच्या कामात मी लोकांची स्टेटमेंटं ओळीने वाचायचे तेव्हा हे दिसायचं, पॉइंट बाद व्हायची तारीख जवळ आली की तिनशेचे पॉइंट वापरायला माणूस जायचा आणि बिल अठराशेचं व्हायचं. दुकान ही सवलत त्याच्या खिशातून देतं ते तुम्ही जास्त वेळा यावं आणि टोपली मोठी भरावी म्हणूनच देतं, त्यात लपवाछपवी काही नाही, धंदा आहे. म्हणून मी सगळ्यांना एकच कसोटी सांगते, जो खर्च तुम्ही कार्ड नसतानाही त्याच दुकानात करत होतात तेवढाच हिशोबात धरा. कार्ड आलं म्हणून जो खर्च तिकडे वळेल तो धरू नका, कारण तो वळवताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किंवा डीमार्टमधे तीच डाळ किलोमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळत असेल तर सव्वा टक्का कधीच धुऊन निघाला. १२० रुपयांच्या डाळीवर सव्वा टक्का म्हणजे दीड रुपया होतो, ताई.

मग अशी कार्डं कुणालाच घेऊ नका सांगते का? नाही. ज्यांचा खर्च आधीपासूनच एका जागी आहे आणि कार्ड बिनफीचं आहे, त्यांना मी घ्या म्हणते. माझ्याकडे येणारी बरीच तरुण जोडपी अशी आहेत की साबणापासून मिक्सरपर्यंत सगळं ॲमेझॉनवरून मागवतात, प्राइमचे पैसे भरलेलेच असतात, त्यांना २०१८ मधे आलेलं ॲमेझॉन पे आयसीआयसीआयचं कार्ड परवडतं कारण त्याला वार्षिक फी नाही आणि परतावा सरळ रुपयांत जमा होतो. कुणाचं क्रोमा, बिग बास्केट, वेस्टसाइड असं टाटांच्याच दुकानांत बरंच जात असेल तर न्यूचं कार्ड हिशोबात बसू शकतं. पण तिथेही अटी बघून घ्या, सोनं, पेट्रोल, वॉलेटमधे टाकलेले पैसे, घरभाडं आणि EMI वर घेतलेल्या वस्तू यांवर पुष्कळ कार्डं काहीच देत नाहीत किंवा नावापुरतं देतात, आणि वरची मर्यादा असते. आणि या अटी मधेच बदलतात, दोन वर्षांपूर्वी भावाने घेतलेलं कार्ड चांगलं होतं म्हणून आज तेच चांगलं असेल असं नाही.

हे सगळं झालं पूर्ण बिल दर महिन्याला वेळेत भरणाऱ्यांचं. त्यात तुम्ही बसता का हे फक्त तुम्हालाच माहीत, आणि हे मी तुम्हाला दुखवायला विचारत नाहीये. ६२ हजारात मुलांच्या फिया, गावाकडे पाठवायचे पैसे, सणवार सगळं बसवताना एखादा महिना ओढाताणीचा येतो, प्रत्येक घरात येतो. समजा दिवाळीला त्या कार्डावर ३० हजारांचा फ्रिज घेतलात आणि बिल आल्यावर "मिनिमम ड्यू", म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, दीड हजार दिसलं म्हणून तेवढंच भरलंत. राहिलेल्या साडेअठ्ठावीस हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे हजार रुपये, त्यावर १८ टक्के GST, झाले पावणेबाराशे. एका महिन्याचे. वर्षभर पिशव्या उचलून जमवलेले साडेसातशे त्यात गेले आणि वर चारशे तुमचे गेले. शिवाय व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही, आणि मागची बाकी असताना पुढच्या महिन्याचं वाणसामान कार्डावर घेतलंत तर त्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. थकबाकीच्या विभागात रोज ज्यांच्याशी बोलायचे त्यातले बहुतेक लोक उधळे अजिबात नव्हते, मिनिमम भरलं म्हणजे भरलं असं प्रामाणिकपणे समजणारे होते, आणि मला त्यांचं आजही वाईट वाटतं कारण बिलावर तो आकडा ठळक छापलेला असतो आणि माणूस ठळक तेच वाचतो. वर्षाला ४०-४५ टक्के पडणारं हे व्याज आहे. ग्राहक आयोगाने २००८ मधे ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मधे रद्द केली, तेव्हा कुणी वाचवायला येईल या भरवशावर राहू नका.

"नो कॉस्ट EMI" बद्दलही तुम्ही विचारलंय. व्याज असतंच, ते वस्तूच्या किमतीतल्या सवलतीत जिरवलेलं असतं, पण त्या व्याजावरचा GST तुम्हाला भरावा लागतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी पण. म्हणून रोख किंमत किती आणि सगळं मिळून भरायचे किती हे दोन आकडे कागदावर लिहून मागा.

आता होम लोन. इथे उत्तर परिस्थितीवर आहे. तुमच्या दोघांपैकी कुणाचंच आजवर कर्ज किंवा कार्ड नसेल तर CIBIL मधे बघण्यासारखं काही नसतं, आणि वर्षभर एक कार्ड थोडं वापरून वेळेवर भरलेलं असेल तर फाइलला मदतच होते. पण त्यासाठी मॉलचं कार्डच पाहिजे असं नाही, पगार ज्या बँकेत येतो तिचं साधं कार्ड किंवा २०-२५ हजारांच्या FD वर मिळणारं कार्ड तेच काम करतं. उलट मिस्टरांच्या नावावर आधीच कार्ड किंवा बाइकचं लोन असेल तर आणखी एका कार्डाने फार फरक पडत नाही. प्रत्येक अर्जाला बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते, एखादी नोंद काही बिघडवत नाही पण लोनच्या आधीच्या पाच-सहा महिन्यांत तीन-चार नोंदी दिसल्या तर मंजुरी देणारा माणूस विचारतो की यांना एवढी पैशाची नड का आहे. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, कार्ड घ्यायचंच असेल तर एकच घ्या आणि आत्ता घ्या, नाहीतर मग लोनचा पहिला हप्ता भरून झाल्यावरच घ्या. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवा, आणि हे लक्षात ठेवा की मॉलमधल्या कार्डांना सुरुवातीला लिमिट कमी मिळतं, ४० हजारांच्या लिमिटवर फ्रिज घेतला की ते जवळजवळ भरलेलं दिसतं. आणि लोनची पात्रता काढताना बऱ्याच बँका कार्डावर जी बाकी असेल तिच्या पाच टक्के रक्कम दरमहाचा हप्ता धरून वजा करतात.

किती पणाला लागलंय तेही बघा. ३० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्के आणि पावणेनऊ टक्के यातला फरक महिन्याला साधारण पावणेपाचशे रुपये, वीस वर्षांत लाखाच्या वर. CIBIL चा स्कोअर बघून व्याजदर ठरवणाऱ्या बँका आता पुष्कळ आहेत. ५०० च्या व्हाउचरसाठी त्या पाव टक्क्याला धक्का लागू द्यायचा नाही, तुमच्या जागी मी असते तर मी हे कार्ड घेतलं नसतं.

आणि आता कपाटातलं कार्ड. २०१९ मधे कल्याणचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, दोघं नोकरीला, कुणाची एक रुपयाची उधारी नाही, आणि लोन नामंजूर. रिपोर्ट काढला तर एका दुकानाच्या नावाचं कार्ड, एकदाच वापरलेलं, दुसऱ्या वर्षीची ५८९ रुपयांची फी लागली, स्टेटमेंट जुन्या ईमेलवर जात राहिलं, त्यावर लेट फी, व्याज, GST असं करत चार हजारांच्या वर गेलेलं आणि रिपोर्टमधे महिन्यांमागून महिने थकीत. पैसे भरले, बँकेकडून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घेतलं, पण रिपोर्ट दुरुस्त होईस्तोवर बिल्डरने दिलेली तारीख उलटली आणि टोकनचे पैसे अडकले. त्या बाई माझ्यासमोर बसून रडल्या होत्या. मिस्टरांचं कार्ड ऐकल्यावर मला पहिलं तेच आठवलं.

तेव्हा आज रात्रीच मिस्टरांचा क्रेडिट रिपोर्ट काढा. CIBIL, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. त्यात ते कार्ड शोधा आणि बाकी शून्य आहे का बघा. बाकी असेल तर आधी पूर्ण भरा, मिनिमम नाही. मग बँकेच्या ॲपवरून किंवा ईमेलने कार्ड बंद करायची विनंती टाका, पत्र पाठवा किंवा शाखेत या असा आग्रह बँकेला धरता येत नाही. बाकी काही नसेल तर विनंतीपासून सात कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फक्त कात्रीने कापून टाकलं म्हणजे बंद झालं असं समजू नका. बंद झाल्याचा मेसेज आणि नो ड्यूजचं पत्र जपून ठेवा, लोनच्या फाइलला लागतं. महिनाभराने रिपोर्ट परत बघा, खातं "बंद" दिसलं पाहिजे. चूक दिसली तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँकच दाद देत नसेल तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

एक अपवाद आहे. ते कार्ड बिनफीचं निघालं, बाकी शून्य आहे आणि मिस्टरांच्या नावावर दुसरं काहीच नाही, तर बंद करायची घाई करू नका. दोन वर्षांचं जुनं खातं आहे, महिन्याला एखादा मोबाइल रिचार्ज त्यावर करा, पूर्ण भरत राहा, स्टेटमेंट चालू ईमेलवर घ्या.

आणि शनिवारी ती मुलगी परत विचारेल तेव्हा मोबाइलवर आलेला OTP मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय सांगू नका, "फक्त पात्रता बघतोय" म्हणत मागितलेला तो आकडा म्हणजे पुष्कळदा अर्जाची संमती असते. तोपर्यंत कुठे संमती देऊन बसला असाल आणि कार्ड घरी आलंच तर ते चालू करू नका. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेला OTP ने परत विचारावं लागतं, तुम्ही हो म्हटलं नाहीत तर काही पैसे न घेता खातं बंद करावं लागतं, आणि चालू न केलेल्या कार्डाची नोंद CIBIL ला पाठवता येत नाही. रिपोर्टमधे काय निघालं ते इथेच लिहा, कार्ड नंबर आणि पॅन मात्र झाकून, पुढचं मी बघून सांगते.